दुसऱ्या सीटवर आचल

भाऊबीज होऊन नऊ दिवस झाले तरी शकुनची भाऊबीज व्हायचीच होती. दिवाळीत बंडू थायलंडला, मग ओवाळायचं कोणाला? "पौर्णिमेपर्यंत भाऊबीज चालते," असं तिनं फोनवर तीनदा ऐकवलं, तेव्हा कुठे रविवारी सकाळी वरूडहून गाडी निघाली. अमरावतीला चहा, मूर्तिजापूरला पुन्हा चहा, असं करत साडेअकराला ती अकोल्यात, जठारपेठेतल्या तिच्या दारासमोर येऊन थांबली.

गाडीत चौघं होते. चालवायला बंडू, शेजारी त्याची बायको प्राजक्ता, आणि मागे बंडूचे वडील पुंजाराम गुरुजी आणि त्यांची अकरा वर्षांची नात आचल. चार तासांत बंडूनं आरशात बघत तीनदा विचारलं, "आचल, पानी पाह्यजे का?" आणि तिन्ही वेळा आचलनं खिडकीबाहेर बघत आजोबांना सांगितलं, "आबा, पप्पाले सांगा, नाई पाह्यजे."

आठ दिवस हे असंच चाललं होतं. पप्पाला सांगा, गणिताच्या वहीवर सही पाहिजे. पप्पाला सांगा, सायकलची हवा गेली. जिल्हा परिषदेच्या शाळेत चाळीस वर्षं मास्तरकी करून गुरुजी निवृत्त झाले होते, पण पोस्टमनचं काम त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं.

पोरगी बापासोबत थायलंडला जाताना नाचत गेली होती. आली ती तोंड मिटून. गुरुजींनी बंडूला विचारलं तर तो म्हणाला, "थकली असन, बाबा." मग आचलला विचारलं. ती नखं बघत म्हणाली, "आबा, माझंच काही चुकलं असन."

हे वाक्य म्हाताऱ्याला दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं छळत होतं. काय चुकलं ते पोराला सांगता येत नाही आणि तरी चुकलं असं वाटतं, तेव्हा चूक बहुधा कुण्या मोठ्या माणसाची असते, हे त्यांनी वर्गात पुष्कळदा पाहिलं होतं. पण पोराला खोदून विचारायचं नसतं. बी पेरल्यावर रोज उकरून बघितलं तर ते उगवत नाही. ते वाट बघत होते.

शकुननं बैठकीत पाट मांडून ठेवला होता, भोवती रांगोळी, समोर करंज्या आणि अनारशांचं ताट. डोक्यावर रुमाल टाकून बंडू पाटावर बसला. शकुननं कुंकू लावलं, अक्षता लावल्या आणि निरांजन पेटवायला गेली तर काडेपेटी सर्दावलेली. एक काडी, दोन काड्या, पाच काड्या.

"अवो, दुसरी पेटी आना ना कुठून तरी," ती नवऱ्याला म्हणाली.

किसनरावांचं खाली रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान. ते सोफ्यावर पाण्याचा पेला घेऊन बसले होते आणि उठायच्या बेतात नव्हते. "गॅसवर पेटवून आन. एवढं काय त्यात?"

"माय, गॅसवर निरांजन पेटवते का कोनी?" शकुन म्हणाली आणि सहावी काडी ओढली. "आचल, तोवर तू भाषन म्हनून दाखव बरं. उद्या शाळेत हाय ना तुझं?"

होतं. दिवाळीच्या सुट्टीत परदेशात जाऊन आलेली आचल शाळेत एकटीच. त्यामुळे सोमवारच्या परिपाठात 'माझा परदेश प्रवास' या विषयावर बाईंनी तिला उभं करायचं ठरवलं होतं. आचलनं घडी केलेला कागद काढला आणि ताठ उभी राहिली. अंगणात बोलणारी आचल वेगळी आणि भाषणातली वेगळी. भाषणात तिची जीभ इस्त्री केल्यासारखी चालायची.

"आदरणीय मुख्याध्यापक, गुरुजनवर्ग आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो! माझ्या वडिलांचे कृषी केंद्र आहे. यंदा औषध कंपनीच्या स्कीममध्ये त्यांचे टार्गेट पूर्ण झाले. त्यामुळे कंपनीने आम्हाला थायलंड हा देश दाखवला."

विमान आलं, ढग आले, बँकॉकमधला सोन्याचा बुद्ध आला. मग पटाया नावाचं शहर आलं, तिथला निळा समुद्र आणि काचेच्या तळाची बोट आली. प्राजक्ता मान डोलावत होती. बंडू मात्र पाटावर चुळबुळत होता, जणू पाटाखाली मुंग्या निघाल्या होत्या.

"सायंकाळी आम्ही सर्व डीलर काकांसोबत तेथील एका प्रसिद्ध रस्त्याला भेट दिली. या रस्त्यावर सायंकाळनंतर वाहनांना बंदी असते. त्यामुळे तेथे प्रदूषण होत नाही."

किसनरावांनी पेला ओठापासून दूर केला.

"तेथे अमरावतीच्या राजकमल चौकापेक्षाही जास्त दिवे आहेत. दोन्ही बाजूंना दुकाने आहेत. पण दुकानांत कोणता माल मिळतो ते मला समजले नाही. बाहेर पुष्कळ मावश्या उभ्या होत्या. त्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना प्रेमाने आत बोलवत होत्या. थायलंडचे लोक फार पाहुणचार करतात."

किसनरावांच्या तोंडातलं पाणी नाकातून आलं. त्यांना ठसका लागला, मग हसू आलं, मग दोन्ही एकदम.

"एका मावशीने मला चॉकलेट दिले," आचल जरा हळू आवाजात म्हणाली. "मी ते घेतले. मग..." कागदावर अजून चार ओळी होत्या. तिनं कागदाची घडी घातली. इस्त्री उतरली. "पुढचं नाई म्हनत मी."

 नेमकी त्याच वेळी शकुनची काडी पेटली.

"कोनता रस्ता?" प्राजक्तानं विचारलं. पण नवऱ्याला नाही, नाक पुसणाऱ्या किसनरावांना. "भाऊजी, तुमी काहून हासले?"

"नाई, मी... पानी उलटं गेलं."

"सांगा ना. कोनता रस्ता हाय थो?"

"काय सांगू आता," किसनराव म्हणाले, पण सांगितल्याशिवाय त्यांना राहवेना. "पटाया म्हंजे प्राजक्ता, थे काही लेकराईचं गाव नोहे. दारू, नाच... बाप्यांच्या गमतीचं गाव हाय थे. आन् थो रस्ता म्हंजे त्यातला बी त्यातला. बंडूभाऊ, कमाल हाय राजेहो तुमची! लोकं बायकोले सांगत नाईत, आन् तुमी पोट्टी घेऊन गेले?"

बंडू पाटावरून अर्धा उठला. "भाऊजी, तुमी जरा..."

"बस खाली!" शकुननं निरांजन धरलेल्या हातानंच त्याला खुणावलं. "कुकू लावलं हाय. ओवाळल्याशिवाय उठशीन तर पाय." मग ती नवऱ्याकडे वळली. "आन् तुमाले कसं मालूम हो थो रस्ता?"

"ऐकलं हाय लोकायकडून."

"चार वर्साआधी रंगाच्या कंपनीनं नेलं होतं ना तुमाले? वॉटरप्रूफिंगच्या ट्रेनिंगले?"

"बँकॉकले! ट्रेनिंग बँकॉकले होतं."

"बँकॉकहून पटाया किती दूर हाय, आचल?"

"दोन तास, आत्या. बसनं," आचल म्हणाली. प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, ही आबांची शिकवण.

किसनराव उठले आणि काडेपेटी आणायला खाली दुकानात गेले. निरांजन केव्हाच पेटलं होतं.

प्राजक्ता आता बंडूसमोर उभी होती. "माझ्या पोरीले तुमी तिथं नेलं?"

"मले काय मालूम, प्राजक्ता! कागदावर हत्ती होता, समुद्र होता, बोट होती. आन् रस्त्यावर गाड्या बंद, मी म्हटलं माथेरानसारखं असन."

"बाकीचे डीलर कोनाले घेऊन आले होते?"

"कोनी भागीदाराले, कोनी दोस्ताले." बंडू खाली बघून म्हणाला. "एका दुकानाले दोन सीटा होत्या. तुले म्हटलं होतं चाल. तू म्हटलं, संत्र्याची तोड चालू हाय. मंग दुसरी सीट वाया जात होती. आन् इले इमानात बसाचंच होतं."

"सीट वाया जात होती म्हनून?"

"कंपनीच्या मानसाचा फोन बी आला होता," बंडू भाबडेपणानं बोलून गेला. "म्हने, बंडूभाऊ, दुसऱ्या नावासमोर वय अकरा लिहिलं, एकेचाळीस लिहाचं होतं का? मी म्हटलं, नाई, अकराच बरोबर हाय."

शकुनला हसू आलं ते तिनं पदरात दाबलं, पण प्राजक्ताच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून ते लगेच विरलं. तिनं भावाची बाजू सोडून दिली. "बंड्या, तेवढ्यावरून बी तुले समजलं नाई? अबे, अकोल्याचं शेंबडं पोरगं बी सांगन."

"मंग तू सांगाचं होतं, ताई! दिवाळीआधी फोनवर सांगतलं तर तूच म्हटलं, इकडं येताना माह्यासाठी परफ्यूम आन."

 आल्याआल्या हाती पडलेली परफ्यूमची बाटली शकुननं मघाच आतल्या कपाटात ठेवली होती.

"आन् तू?" बंडू बायकोला म्हणाला. बसल्या जागेवरून उठता येत नसलेला माणूस जीव तोडून भांडतो तसा. "तुह्या सहीशिवाय लेकराले नेता येत नव्हतं. संमतीपत्रावर सही केली तेव्हा वाचलं होतं का, कोनतं गाव हाय?"

 ती सही प्राजक्तानं बागेत, संत्र्याच्या कॅरेटवर कागद ठेवून केली होती. व्यापाऱ्याचा ट्रक उभा होता, आणि तिचं सगळं लक्ष संत्री निवडणाऱ्या बायकांच्या हातांकडे.

गुरुजींनाही बसल्या जागी एक टोचणी लागली. नकाशा त्यांनीच उघडला होता. थायलंडची राजधानी, तिथली भाषा, तिथलं चलन, सगळं नातीकडून घोकून घेतलं होतं. "जा बाई, जग पाय," असं वर म्हटलंही होतं. गाव कोणतं, हे चाळीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसानं विचारलं नव्हतं. घरातलं प्रत्येक शहाणं माणूस आपापल्या परीनं त्या सीटवर पोरीला बसवून मोकळं झालं होतं.

"आचल, जाय बेटा, गच्चीवर खेळ," शकुन म्हणाली. "आन् पाय, भाषनातून थो रस्ता काढून टाक. त्या जागी हत्ती टाक. हत्तीवर बसली होती ना तू?"

"नाई बसली."

"मंग बसली म्हन. कोन पाह्याले गेलं?"

"थांब, शकुन," गुरुजी म्हणाले. "तिचंच चाललं हाय सारं. थे कायले जाईन गच्चीवर?"

"बाबा, लेकरासमोर काय बोलाव हे?"

"तिच्यासमोर झालं, मंग तिच्यासमोर बोलाले काय हरकत हाय? ये आचल, बस अथी." त्यांनी सोफ्यावर आपल्या शेजारी थोपटलं. "भाषनात 'मग' म्हनून थांबली तू. मंग काय झालं? सांगावंसं वाटलं तर सांग."

आचलनं एकदा आईकडे पाहिलं, पाटाकडे मात्र पाहिलं नाही. "मंग पप्पानं माह्या हातातलं चॉकलेट फेकून देल्लं. जोरानं वरडले, डोळे लाव म्हने. माहा हात असा वढला का लाल झाला. आन् मंग तीन दिवस सांजच्याले हॉटेलातच. खोलीत. चिवडा खा आन् झोप." तिनं हातातल्या कागदाची आणखी एक घडी घातली. "अनोळखी मानसाकडून काही घेऊ नोको, असं मम्मीनं सांगतलं होतं. मी घेतलं. पन पप्पा तसं बोलले बी नाईत. काहीच बोलले नाईत. मंग मले वाटलं, मी अजून काही तरी वाईट केलं, जे मले मालूमच नाई."

प्राजक्ता पदर तोंडाला लावून आत निघाली आणि दारातच थबकली.

शाळेत गुरुजींची एक पद्धत होती. फळ्यावर ज्याचं गणित चुकलं, त्यानंच येऊन ते पुसायचं आणि त्यानंच पुन्हा मांडायचं. मास्तरानं पुसायचं नाही, शेजारच्या पोरानं तर नाहीच. पोरं रडायची, घाम गाळायची, पण मग ते गणित जन्मात विसरायची नाहीत. इथं शब्द त्यांच्या ओठावर तयार होते. दोन मिनिटांत त्यांनी पोरीला छान समजावलं असतं. ते त्यांनी गिळले.

"बंडू," ते म्हणाले, "फळ्याजवळ ये."

हे वाक्य बंडूनं तिसरीत असताना शेवटचं ऐकलं होतं. त्यानं डोक्यावरचा रुमाल काढला, पुन्हा घातला. "बाबा, मले नाई जमत. तुमी सांगा."

"माह्यं गनित नोहे थे."

 निरांजनातली वात चुरचुरली, शकुननं ती बोटानं सारली.

"आचल," बंडू म्हणाला. आचल आजोबांच्या धोतराकडे बघत होती. "आपल्या दुकानात वरच्या फळीवर लाल त्रिकोनाचे डब्बे हायेत ना?"

आचलनं मान हलवली.

"त्याले हात लावू देतो का मी तुले?"

"नाई," ती आजोबांना म्हणाली. "पप्पाले सांगा, नाई."

"काहून नाई लावू देत?"

"जहरी असतात थे. मोठ्या मानसांनी हातमोजे घालून घ्याचे असतात."

"मंग तू चुकून त्या फळीजवळ गेली, तर चूक कोनाची?"

आचलनं विचार केला. कृषी केंद्रात वाढलेलं पोर ते. "दुकानदाराची," ती म्हणाली. "त्यानं वरच्या फळीवर ठेवाचं असते. कुलूप लावाचं असते."

"थो रस्ता तसा होता, बेटा. लाल त्रिकोनाचा. मोठी मानसं तिथं पैसे देऊन भलतेसलते शौक करतात, आन् त्यायचं बी नुकसानच होते. लेकराचं तर तिथं कामच नाई. आन् मी तुले हात धरून तिथं नेलं." बंडू पाटावर पुढे सरकला. "तू काहीच केलं नाई. मी गेलो तुले घेऊन. दुकानदार मी."

"मंग वरडले काहून?"

"माह्यावरच वरडत होतो. आवाज तुह्याकडं आला." त्यानं कपाळ पुसलं, कुंकू भुवईवर उतरलं. "आन् थ्या बाईनं तुले फक्त चॉकलेट नाई देल्लं. तुले मागं करून थे माह्यासमोर उभी राह्यली आन् म्हने, नो बेबी. गो होटल. आजूबाजूचे आमचे डीलर हासत होते, कंपनीचा मानूस फोटो काढत होता. एवढ्या गर्दीत तिलेच समजलं, आन् तिनंच सांगतलं. मले शरम आली. चॉकलेट फेकाचं काही कारन नव्हतं. थे बी चुकलं."

"थे बाई चांगली होती का मंग?"

या प्रश्नावर बंडू अडकला. त्यानं बापाकडे पाहिलं. गणिताचा हा भाग अभ्यासक्रमाबाहेरचा होता, म्हणून गुरुजींनी हात दिला.

"तिथं उभं राहून थे पोट भरते, बाई. कोनावर कोनती पाळी येते, थे आपल्याले नाई समजत. पन आपलं नसलेलं लेकरू तिनं तिथून परत पाठवलं. यावरून तू ठरव."

"चांगली," आचलनं ठरवलं. मग ती पहिल्यांदा सरळ पाटाकडे वळली. "पप्पा, पन त्या रस्त्यावर त्रिकोन लावलेला नव्हता का?"

"लावलेला होता, बेटा. मलेच वाचता आला नाई."

दारातून प्राजक्ता पुढे आली. "मले बी," ती म्हणाली आणि आचलच्या डोक्यावर हात ठेवून तिथंच खाली बसली. नवऱ्याकडे तिनं पाहिलं, ते अजून रागानंच. पण मघाचा राग वेगळा होता, हा घरातला होता. "घरी चला, मंग बोलते तुमच्याशी."

"बोल बाई," बंडू म्हणाला. "पन ताई, आता तरी ओवाळ. माहे पाय मेले."

शकुननं ओवाळलं. बंडूनं ताटात पाकीट टाकलं आणि लंगडत उठला. खालून किसनराव तीन काडेपेट्या घेऊन वर आले आणि सगळं ओसरलं असेल अशा आशेनं म्हणाले, "चाला, जेवाले वाढा!"

"तुमाले सांजच्याले वाढते," शकुन म्हणाली. "वॉटरप्रूफिंगचं सारं सांगतल्यावर."

जेवताना आचल पुरणपोळीचा अर्धा तुकडा तसाच ठेवून उठली आणि आत जाऊन लिहीत बसली. हात धुवून गुरुजी आत गेले, तेव्हा जुना परिच्छेद तिनं रेघ मारून खोडला होता, आणि खाली नवा लिहिला होता. तिनं तो त्यांच्या हातात दिला नाही. बैठकीत सगळ्यांसमोर उभी राहिली आणि वाचला.

"सायंकाळी आम्ही एका रस्त्यावर गेलो. तो रस्ता मुलांसाठी नव्हता. माझ्या वडिलांना ते माहीत नव्हते. तेथल्या एका मावशीने त्यांना सांगितले, तेव्हा ते मला घेऊन लगेच परत आले. मग बाकीचे सर्व काका रोज सायंकाळी बाहेर जात होते, पण माझे वडील माझ्यासोबत खोलीत थांबले. मोठ्या माणसांनासुद्धा कधी कधी माहीत नसते. मित्रमैत्रिणींनो, प्रवासाला जाण्याआधी गावाची पूर्ण माहिती काढावी. जय हिंद, जय महाराष्ट्र."

 प्राजक्ता आधी बोलली. "बेटा, हे नोको वाचू. वरूडच्या अर्ध्या डीलरांची पोट्टी तुह्याच शाळेत हायेत. उद्या दुपारपर्यंत साऱ्या बाजारात होईन. पप्पाले दुकानात बसनं मुश्कील होईन."

"हत्ती टाकू मंग?" आचलनं विचारलं. पण विचारलं ते आईला नाही, आबांनाही नाही. कागद हातात धरून ती बंडूकडे बघत होती.

गुरुजींना बोलायचा मोह झाला. त्यांनी दाढेतली सुपारी या गालातून त्या गालात नेली आणि बंडूकडे बघत राहिले.

बंडूच्या डोळ्यांपुढे बाजार उभा राहिला असावा. चहाच्या टपरीवरची चेष्टा, संध्याकाळचे फोन, बाकीच्या डीलरांच्या बायका घराघरातून नवऱ्यांना विचारतायत ते प्रश्न. त्यानं मान खाजवली. भुवईवरचं कुंकू अजून तसंच होतं.

"हत्तीवर आपन बसलोच नाई," तो म्हणाला. "जसं लिहिलं तसं वाच. मी येतो आयकाले. दुकान अकरा वाजता उघडीन."

"खरंच याल?"

"पयल्या रांगेत बसतो."

"पयल्या नोको, पप्पा," आचल म्हणाली. "तुमी समोर दिसले का मले हासू येते. मांगं बसा."

"बरं बाई, मांगं बसतो."